हात उचलत नसेल, तर बेल गालाशी आणा
पक्षाघाताने हात गेला तरी मान, गुडघा, पायाचा अंगठा, काहीतरी बहुधा हलतं. मदतीला बोलवायची बेल तिथेच हवी. साधी वायरलेस डोअरबेल घ्या. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या कारागिराकडून तिच्या बटणाच्या दोन टोकांना ३.५ मिमीचा मोनो सॉकेट (हेडफोनच्या पिनेसारखी पिन बसते तो) सोल्डर करून घ्या. मग हलक्या दाबाने चालणारा मोठा स्विच त्यात लागतो. स्विच उशीवर सुटा मुळीच ठेवू नका. पलंगाच्या कठड्याला क्लॅम्पने घट्ट बसवा. कूस बदलली की स्विचही हलवायचा, हे रात्रपाळीच्या मावशींना आवर्जून सांगा. दिवा मालवण्याआधी बेल पेशंटकडूनच वाजवून घ्या, आपण दाबून पाहणं पुरेसं नाही. स्विचची नेमकी जागा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पेशंटला जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) ठरवून देतात. मुंबईत हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत जरूर विचारा.