हेअर डाय लावताय? आधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबा

आमच्या मामी इंदूरच्या, रामबागेत राहतात, पंधरा-सोळा वर्षं घरीच केस रंगवायच्या, कधी काही झालं नाही. मागच्या लग्नसराईत नेहमीचाच डाय लावला, दुसऱ्या दिवशी डोकं खाजायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. सगळ्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी खाल्लं म्हणून असेल, डायवर कुणाचा संशयच गेला नाही. ही ॲलर्जी बहुतेक वेळा लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते, म्हणून लोक फसतात.

कारण असतं पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनायलिनडायमिन. काळ्या-ब्राऊन पर्मनंट डायमध्ये हे खूप कॉमन आहे. खोक्यावर बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा. 'अमोनिया फ्री' लिहिलंय म्हणून पीपीडी नाही असं अजिबात नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि इतकी वर्षं चाललं म्हणून पुढेही चालेल असंही नाही, शरीर कधीही बिथरू शकतं, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते.

मेंदीचं तर नीट ऐकाच. खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तांबडा येतो, काळा येत नाही. 'काळी मेंदी' म्हणून जी पुडी मिळते किंवा जत्रेत हातावर जे काळं टॅटू काढून देतात त्यात बऱ्याचदा हेच पीपीडी असतं, पोरींना ते काढू देऊ नका हो, तिथे लागलेली ॲलर्जी पुढे पहिल्यांदा डाय लावला की बाहेर येते.

आता टेस्ट. पाकिटातल्या कागदावर सांगितलंय तसं थोडंसं कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास बघा, खाज, लाली, पुरळ काहीही आलं तर धुवून टाका आणि तो डाय विसरा. दर वेळी करा, ब्रँड तोच असला तरी. पण आधी कधी डाय किंवा काळ्या मेंदीने त्रास झाला असेल तर ही घरची टेस्टसुद्धा करू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा, ते पाठीवर पट्ट्या लावून नीट तपासतात.

लावताना ग्लोव्हज घाला, सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, भुवयांना तर लावूच नका.

आणि त्रास झालाच तर केस शाम्पूने भरपूर पाण्यात धुवा, खाजवू नका, मनानेच ट्यूब आणून चोळू नका. जीभ-ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

पीपीडीची ॲलर्जी निघाली तर दाताच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा, कारण बधिर करायच्या काही औषधांनी, बेन्झोकेनसारख्या, त्याच लोकांना त्रास होऊ शकतो.