हलका कॅमेरा, थंडीतली टेकडी: या चुका टाळा

पाठदुखी आणि डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या जड कॅमेऱ्याचं) ओझं यांच्या भांडणात मी अखेर पाठीची बाजू घेतली. मायक्रो फोर थर्ड्स नावाच्या लहान सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) छोटा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घेतला आणि जानेवारीतल्या एका रविवारी पावणेसातला पुण्यातली वेताळ टेकडी गाठली. दोन तासांत दोनशेवर फोटो काढले, कामाचे निघाले जेमतेम वीस. कॅमेऱ्यात काही खोट नव्हती. हातात मोबाइलसारखा हलका लागला, म्हणून मी तो मोबाइलसारखाच वापरला.

सगळ्यात जास्त फोटो वाया गेले ते हलल्यामुळे. जड कॅमेरा स्वतःच्या वजनानेच स्थिर राहतो. हलका मात्र शटर दाबणाऱ्या बोटाबरोबर खाली झुकतो. त्यात आपण स्क्रीन बघत हात लांब धरतो. डावा तळवा लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली, व्ह्यूफाइंडर डोळ्याशी, ही जुनी पद्धत इथे जास्तच लागते. ‘पण स्टॅबिलायझेशन आहे ना?’ आहे. ते तुमचा हात सावरतं, समोरून झपाझप येणाऱ्या काकांचे पाय नाही. उजाडता उजाडता माझ्या कॅमेऱ्याने आपल्या मनाने शटर स्पीड १/१५ सेकंद धरला. वाळलेलं गवत काडीकाडी दिसतंय आणि माणसं भुतासारखी. चालणाऱ्या माणसांना निदान १/२५० हवा. ऑटो आयएसओच्या (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता आपोआप ठरवणाऱ्या सोयीच्या) मेनूत किमान शटर स्पीड ठरवून देता येतो, तो घरूनच ठरवून निघा. त्यापायी आयएसओ वाढून फोटोत थोडे दाणे आले तर चालतात, हललेला फोटो पुढे कशानेच सुधारत नाही.

धुकं मळकट येतं? कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं दृश्य मधल्या करड्या छटेचं धरून चालतो, त्यामुळे पांढरं धुकंही करडं करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय) +०.७ ते +१ करा. लेन्स नुसतीच पुढे-मागे करत राहिली, तर फोकसचा चौकोन धुक्यावरून काढून ग्लिरिसिडियाच्या एखाद्या खोडाच्या कडेवर ठेवा. कॉन्ट्रास्ट मिळाला की ती थांबते. कोवळ्या उन्हाचा पिवळेपणा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप जुळवणारी सोय) पुसट करतो, तेव्हा ‘डेलाइट’ निवडा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर हे घरीही जमतं.

खाणीच्या कडेला मोर दिसला म्हणून मी सायलेंट मोड लावला. उभा मोर छान आला, उडाला तेव्हा पंख तिरके. सायलेंट मोडमधला इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो. हालचालीला मेकॅनिकल शटरच बरा. शिवाय सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ/१६ (लेन्सचं छिद्र अगदी बारीक) लावायची जुनी खोड सोडा. एवढ्याशा सेन्सरवर त्याने फोटो उलट मऊ पडतो, एफ/५.६ पुरतं.

बॅटरी संपली की आपण थंडीला बोल लावतो. लिथियम-आयन बॅटरी गारठ्यात कमी चालते हे खरं, पण ते हिमालयात जाणवेल. पुण्यातल्या दहा-बारा अंशांत खरा चोर म्हणजे सतत चालू असलेली स्क्रीन आणि मोबाइलशी जोडलेलं ब्लूटूथ. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरीही छोटीच असते. दोन फोटोंमध्ये कॅमेरा बंद करा, जास्तीची बॅटरी पँटच्या खिशात ठेवा.

व्ह्यूफाइंडर धुरकट झाला तर बिघाड शोधत बसू नका, तो तुमचाच श्वास असतो. नाकातून हळू सोडा किंवा क्षणभर रोखा. खरी काळजी परतल्यावर. गार पडलेला कॅमेरा थेट चहाच्या वाफाळत्या टपरीत किंवा स्वयंपाकघरात काढलात, तर काचेवर दव धरतं. ते शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही, टेकडीची धूळ काचेवर घासली जाते. बॅगेची चेन लावून अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या. मेमरी कार्ड तेवढं टेकडीवरच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत बॅग दहाव्या मिनिटालाच उघडली जाते.