फळ नाही म्हणून खत वाढवताय? पेरूच्या झाडाबाबत या चुका टाळा

पेरूचं झाड सोशिक आहे. हलकी जमीन, कमी पाणी, थोडी हेळसांड, सगळं सोसून ते उभं राहतं. मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं हे झाड याच चिवटपणाच्या जोरावर जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलं. गॅलापॅगोस बेटांवर तर ते इतकं माजलंय की उपद्रवी झाड म्हणून त्याला आवर घालावा लागतो. अशा झाडाला फळ धरलं नाही, की लोक पहिला संशय घेतात तो खतावर. मग शेणखत, मग युरिया, मग आणखी पाणी. पेरूच्या बहुतेक तक्रारी मात्र वेळ चुकल्याने येतात. छाटणी वेळेवर होत नाही, फळाला पिशवी वेळेवर चढत नाही, तोडणीही वेळेवर होत नाही.

झाड हिरवंगार, फळाचा पत्ता नाही

पेरूला कळी येते ती त्याच हंगामातल्या नव्या फुटीवर. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तर निम्मे प्रश्न सुटतात. एखादी कोवळी डहाळी बोटांत धरून फिरवून पाहा. ती गोल नसते, तिच्या चार कडा हाताला स्पष्ट लागतात. पानं समोरासमोर, जोडीजोडीने येतात, आणि त्यांच्या बेचक्यात एकेकटी किंवा दोन-तीन मिळून कळ्या बसतात. तीच डहाळी जून होऊन गोल आणि तपकिरी झाली की तिचं काम फांदी धरून ठेवण्याचं उरतं. वर्षानुवर्षं कात्री न लागलेल्या झाडात नवी फूट फक्त बाहेरच्या शेंड्यांना येते. त्यामुळे फळंही तिथेच, हाताला न लागणाऱ्या उंचीवर येतात आणि आतला सगळा भाग पोकळ सावलीत राहतो.

म्हणून फळं संपली की छाटणी करायचीच. प्रत्येक फांदीचा शेंड्याकडचा साधारण तिसरा-चौथा हिस्सा काढा. एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या आणि वाळलेल्या फांद्या जिथून निघाल्या तिथून काढा. खोडातून सरळ उभे सुटलेले जोमदार पानसोट ठेवू नका. अन्न खातात, देत काही नाहीत. झाडाच्या मध्यापर्यंत ऊन पोहोचलं पाहिजे. पेरूला दिवसाचे 6 ते 8 तास ऊन लागतं. सावलीतल्या झाडाला पानं भरपूर येतात, कळ्या येत नाहीत, आणि अशा जागी कुठलंच खत उपयोगी पडत नाही.

उलट टोकाची चूकही बरेच जण करतात. मोठं झालेलं झाड एका दिवसात बोडकं करतात. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेली खोडाची साल अचानक कडक उन्हात आली की भाजते, तडकते, आणि त्या चिरांतून कीड-बुरशी आत शिरते. फार वाढलेलं झाड दोन-तीन हंगामांत टप्प्याटप्प्याने खाली आणावं, आणि मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावावी.

नत्र, म्हणजे युरियातून मिळणारं नायट्रोजन, जास्त झाल्याची खूण सोपी आहे. पानं मोठी, गडद हिरवी आणि लुसलुशीत, दोन पानांमधलं अंतर लांबलचक, आणि बेचके रिकामे. असं दिसलं तर नत्र थांबवा. उभ्या वाढलेल्या फांद्या दोरीने हळूहळू खाली वाकवून बांधल्या तरी फरक पडतो. आडव्या झालेल्या फांदीवरचे झोपलेले डोळे फुटतात आणि त्या फुटींवर कळी धरते. या उपायाला खर्च नाही, तरी तो फार कमी लोक करतात याचं मला वाईट वाटतं.

रोप बियांपासून केलेलं असेल तर थोडा धीर धरा. कलमाला दोन-तीन वर्षांत फळ येतं, बियांच्या झाडाला त्याहून बरीच जास्त वर्षं लागू शकतात, आणि फळ आईच्या झाडासारखंच निघेल याची हमी नसते. कलमी झाडाच्या जोडाखालून फुटलेले धुमारे मात्र दिसले की लगेच काढा. ते वाढू दिले, तर काही वर्षांत वरची निवडक जात मागे पडते आणि उरतो तो खुंट.

फळात अळी दिसल्यावर फवारणी

हा सगळ्यात मोठा गैरसमज. अळी दिसली तेव्हा फवारणीची वेळ कधीच टळलेली असते. फळमाशी पिकत आलेल्या फळाच्या सालीला सोंड नव्हे, तर अंडी घालायची टोकदार नळी टोचते आणि सालीखाली अंडी ठेवते. बाहेरून दिसतो तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, त्याभोवती किंचित खोलगट, गडद वलय. फळ तिथे सुरीने उभं कापलं तर ठिपक्यापासून आत गेलेला तपकिरी, पाणचट मार्ग दिसतो आणि गाभ्याजवळ पांढुरक्या अळ्या वळवळत असतात. औषध तिथवर पोहोचत नाही. पोहोचलं असतं, तरी ते फळ खाण्याजोगं राहिलं नसतं.

पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. अळ्यांनी पोखरलेलं फळ गळतं, अळी त्यातून बाहेर पडून मातीत शिरते, कोष करते आणि काही दिवसांत नवी माशी वर येते. गळलेली फळं झाडाखाली पडू दिली की पुढच्या पिढीची सोय आपणच केलेली असते. उचलून खड्ड्यात वरवर पुरली तरी उपयोग नाही, माशी माती फोडून निघते. रोजच्या रोज वेचा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि कडक उन्हात आठवडाभर ठेवा. आतल्या अळ्या उष्णतेनेच मरतात. झाडाखालची माती अधूनमधून हलकी चाळवली की कोष वर येतात, ऊन आणि पाखरं त्यांचा निकाल लावतात.

मिथाईल युजेनॉलचे, म्हणजे फळमाशीच्या नराला वासाने ओढणारे, सापळे जरूर लावा, पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. त्यांत फक्त नर सापडतात. आधीच गाभण झालेली मादी फळाला टोचायचं थांबवत नाही. कळ्या उमलू लागल्या तेव्हापासून सापळे लावले, तरच माशांची संख्या हळूहळू घटते.

खात्रीचा उपाय पिशवीचा. फळ लिंबाएवढं, हिरवं आणि टणक असतानाच त्यावर फोमची जाळी चढवून वरून पिशवी बांधा. पिशवीला खाली दोन-तीन बारीक भोकं ठेवा, नाहीतर आत घाम साचून फळ कुजतं. गाठ देठाच्या मागे, फांदीवर मारा. देठावर मारली तर वजनाने देठच तुटतो. पिशवी चढवण्याआधी फळ एकदा निरखून पाहा. पिठ्या ढेकूण (पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) आत राहिला तर बंद पिशवीत त्याचं राज्य सुरू होतं.

आणखी एक चूक: झाड फुलांनी भरलेलं असताना कीटकनाशक मारणं. पेरूचं फूल स्वतःच्या परागावरही फळ धरतं, पण मधमाश्या आल्या की फळधारणा सुधारते. फुलोऱ्यात फवारलं तर नुकसान आपलंच.

पानं, साल आणि मुंग्या

पेरूची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, हिरवट-तांबूस खोड दिसतं. हा रोग नाही, झाडाचा स्वभाव आहे. त्यावर चुना किंवा औषध लावायची गरज नाही. खोडावर भुसा आणि विष्ठेच्या जाळ्या लोंबत असतील तर मात्र ती साल खाणारी अळी आहे. जाळी पुसून भोक शोधा आणि आत तार घालून अळी मारा.

थंडीत पानं तांबूस-जांभळी झाली तर घाबरू नका, ऊब वाढली की नवी फूट हिरवी येते. नवीन पानं लहान, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळी येत असतील तर जस्ताची कमतरता असण्याची शक्यता जास्त. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि निम्मा चुना मिसळून पानांवर फवारा. जमिनीत टाकलेलं जस्त चुनखडीच्या मातीत झाडाला नीट मिळत नाही.

मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर तिच्या मागोमाग नजर न्या. वर कुठेतरी पानाखाली किंवा देठाजवळ पांढरा कापूस दिसेल: पिठ्या ढेकूण. तो गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्या चिकट्यासाठी त्याची राखण करतात, आणि पानांवर सांडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. लोक ती काळी बुरशी पाहून बुरशीनाशक मारतात आणि मूळ कारण तसंच राहतं. खोडाभोवती चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट तोडा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ढेकूण धुऊन काढा, मग साबण मिसळलेलं कडुलिंबाचं तेल फवारा.

पाणी

फुलं लागत असताना पाण्याचा एकदम मारा केला तर फुलं गळतात. फळं पोसत असताना झाड आधी कोरडं ठेवून मग भरपूर पाणी दिलं तर फळं तडकतात. या दिवसांत बेताचं पण नियमित पाणी हवं. तडकणं तरीही थांबत नसेल, तर बोरॉन या अन्नद्रव्याची कमतरता आहे का, याचा विचार करा.

आळ्यात पाणी साचून राहणं याहून वाईट. त्यातून मर रोगाला वाव मिळतो. एका फांदीची पानं पिवळी पडून वाळतात, मग शेजारची फांदी, आणि फळं तशीच टणक, काळपट होऊन लटकत राहतात. अशा झाडाला लोक तहानलेलं समजून आणखी पाणी घालतात. झाड पूर्ण वाळलं असेल तर मुळांसकट काढून नष्ट करा आणि त्याच खड्ड्यात लगेच दुसरा पेरू लावू नका. मुळं उपटल्यावर त्यांवर गाठीच गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, आहेत हेही कळतं. ते बहुतेक वेळा रोपाच्या पिशवीतूनच येतात. त्यामुळे रोप घेताना पिशवी थोडी उकलून पांढऱ्या मुळांवर गाठी आहेत का, ते बघूनच घ्या.

तोडणी आणि साठवण

फुलापासून फळ तयार व्हायला साधारण 4 ते 5 महिने लागतात, त्यामुळे छाटणी कधी केली यावर फळ कधी येणार हे बरंचसं ठरतं. ऐन पावसात पिकणारी फळं फिकी लागतात आणि माशीही तेव्हाच जास्त असते. छाटणीची वेळ पुढे-मागे करून कोरड्या, थंड दिवसांत फळ आणलं तर गोडी आणि टिकाऊपणा दोन्ही वाढतं.

गडद हिरवं, टणक फळ तोडून घरात पिकवायला ठेवलं की ते मऊ होतं, पण चव येत नाही. रंग पोपटी होऊन फळाला किंचित वास सुटला की तोडा, देठाचा तुकडा ठेवून कात्रीने. ओढून तोडलं तर देठाजवळची साल फाटते आणि फळ तिथूनच नासायला लागतं. न पिकलेलं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने सालीवर डाग पडतात आणि पिकणं थांबतं. आधी बाहेर पिकू द्या, मग फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

आणि साल काढू नका. 100 ग्रॅम पेरूत साधारण 228 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपटीहून जास्त, आणि सालीत व तिच्या लगतच्या गरात ते गाभ्यापेक्षा अधिक असतं. फळ स्वच्छ धुवा आणि सालीसकट खा.