एसटीपीचं पाणी कूलिंग टॉवरला घेताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) आउटलेटचा रिपोर्ट बघायचा, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) कमी दिसला की पाणी चांगलंय म्हणायचं आणि लाइन टॉवरला जोडून टाकायची. अहो, टॉवरमधून पाणी उडून जातं पण क्षार मागेच राहतात, त्यामुळे सीओसी (फिरत्या पाण्यात क्षार किती पट होतात तो आकडा) 5 ठेवली तर मेकअपमधलं (टॉवरला नव्याने दिलेल्या पाण्यातलं) 4 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) फॉस्फेट फिरत्या पाण्यात 20 वर जातं. म्हणून फॉस्फेट, क्लोराइड, सिलिका हे आकडे आधी सीओसीने गुणा, मगच झेपेल का ते ठरवा.

फॉस्फेट कॅल्शियमला धरतं आणि कंडेन्सरच्या (टर्बाइनची वाफ थंड करून पाणी करणाऱ्या यंत्राच्या) गरम ट्यूबमध्ये थर बसायला लागतो, पीएच चढला तर अजूनच पटकन. कंडेन्सरचा व्हॅक्यूम हळूहळू पडतोय आणि कारण सापडत नाहीये, तर इथे बघा. आणि अशा वेळी फॉस्फोनेटचा (थर बसू नये म्हणून टाकायच्या केमिकलचा) डोस वाढवू नका प्लीज, क्लोरीनमुळे ते तुटून परत फॉस्फेटच तयार होतं. फॉस्फेट टॉवरच्या आधीच, चुना किंवा फेरिक टाकून क्लॅरिफायरमध्ये काढायचं.

आता अमोनिया, माझ्या मते खरा त्रास हाच देतो. हा सीओसीने सरळ गुणला जात नाही कारण थोडा हवेत उडतो, थोडा बॅक्टेरिया खातात, पण म्हणून सोडून देऊ नका. क्लोरीन टाकतोय टाकतोय तरी फ्री क्लोरीन शून्यच येतंय आणि फिलवर (टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या भरावावर) चिकट शेवाळ चढतंय, तर समजा अमोनियाशी जुळून क्लोरीनचं क्लोरामाइन होतंय, जे जंतू मारायला कमजोर असतं. टोटल क्लोरीन बघून समाधान मानू नका, फ्री वेगळं तपासा. 1 पीपीएम अमोनिया नायट्रोजन संपवायला प्रत्यक्षात 8 ते 10 पीपीएम क्लोरीन लागतं, म्हणजे 20 पीपीएम असेल तर हिशोब परवडणारच नाही आणि क्लोराइड वाढून स्टीलला खड्डे पडायची भीती वेगळी. अमोनिया एसटीपीच्या एरेशनमध्येच (हवा सोडायच्या टाकीत) नायट्रिफाय करून, म्हणजे बॅक्टेरियाकडून नायट्रेटमध्ये बदलून घ्या.

तिथे नाही झालं तर ते काम टॉवरमध्ये होतं. बॅक्टेरिया 1 पीपीएम अमोनिया नायट्रोजनमागे साधारण 7 पीपीएम अल्कलिनिटी (पीएच धरून ठेवणारा क्षारपणा) खाऊन टाकतात, पीएच आपोआप घसरतो, आणि अ‍ॅसिडचा पंप मात्र फिक्स डोसवर चालूच असतो! तो पीएच कंट्रोलरवर घ्या, नायट्राइट आठवड्याला तरी मोजा. आणि कंडेन्सर ट्यूब पितळेच्या असतील तर हे सगळं सुरू करायच्या आधीच थांबा, अमोनियाने पितळेला तडे जातात.

ड्रिफ्ट एलिमिनेटर (टॉवरमधून उडणारे तुषार अडवणारे पडदे) फुटके ठेवू नका, त्या तुषारांतून लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा बॅक्टेरिया) माणसांच्या छातीत जातो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे शटडाउन. साध्या पाण्यासारखं हे पाणी ट्यूबमध्ये भरून ठेवता येत नाही, थोड्याच दिवसांत वास मारायला लागतं आणि गाळाखाली धातू खाल्ला जातो. एक तर सर्क्युलेशन पंप रोज थोडा वेळ फिरवा, नाहीतर कंडेन्सर पूर्ण रिकामा करून, धुवून, सुकवून ठेवा.