कॉटरीच्या आधी ऑक्सिजन विचारा

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नवीन आलेल्या नर्स मुलींना मी आधी ट्रॉली लावायला शिकवत नाही. स्टीलच्या बाउलमध्ये अर्धा लिटर सलाईन ओतायला सांगते आणि विचारते, हे कशाला? उत्तर ठरलेलं, पोट धुवायला. आग विझवायला, असं कुणी म्हणत नाही. मग मी त्यांना मानेवरच्या गाठीची गोष्ट सांगते.

साधी केस होती, फक्त ती जागा बधिर करून. आजोबा घाबरले म्हणून तोंडावर मास्क, ऑक्सिजन मिनिटाला ५ लिटर. मान स्पिरिटवाल्या औषधाने रंगवलेली, त्यातलं थोडं ओघळून मानेखालच्या चादरीत मुरलेलं. सर्जनला घाई. कॉटरी, म्हणजे विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं हत्यार, टेकली आणि ‘भप्प’ झालं. ज्वाळा दिसलीच नाही. स्पिरिटची ज्वाळा दिव्याखाली दिसत नाही. दिसलं ते एवढंच की ड्रेप, म्हणजे पेशंटवर अंथरलेलं कापड, तपकिरी होत चाललाय. आजोबांच्या भुवया आणि कानाची पाळी भाजली. थोडक्यात निभावलं.

२०२१च्या जानेवारीत भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर फायर ऑडिट म्हटलं की सगळे वायरिंग आणि सिलिंडर बघतात. बघायलाच हवं. पण ड्रेपखाली साचलेला ऑक्सिजन कोण बघणार? तो आपणच बघायचा.

स्पिरिटचं औषध लावलं की किमान ३ मिनिटं थांबायचं. घड्याळ बघून, अंदाजाने नाही. केसाळ जागी ते तासभरही ओलं राहू शकतं. बेंबीत, मानेच्या घडीत साचलेलं टिपून घ्यायचं, भिजलेली चादर बदलायची, आणि मगच ड्रेप. टाइम-आउटला, म्हणजे चिरण्याआधी सगळे थांबून खात्री करतात तेव्हा, मी मोठ्याने विचारते, “सुकलं का?” सर्जन वैतागतात. वैतागू देत.

चेहरा, मान, छातीचा वरचा भाग, इथे धोका सगळ्यात जास्त, कारण ऑक्सिजन तिथेच मोकळा वाहत असतो. मास्कची खरंच गरज आहे का, हे आधी भूलतज्ज्ञांना विचारा. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, साध्या हवेवर टिकत असेल तर नको. लागलाच तर ऑक्सिजनचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आत ठेवायचं. तेवढ्यावर भागत नसेल तर श्वासनलिकेत ट्यूब टाकलेली बरी. ड्रेपचा तंबू करायचा नाही. एक बाजू उघडी ठेवा, म्हणजे गॅस साचत नाही. कॉटरीआधी सर्जनने सांगायचं, भूलतज्ज्ञांनी ऑक्सिजन कमी करायचा आणि एक-दोन मिनिटं थांबायचं. भुलीचा गॅस नायट्रस ऑक्साईडही जाळायला मदतच करतो, हे बरेच जण विसरतात.

कॉटरीची पेन्सिल वापरून झाली की कव्हरमध्ये, पेशंटच्या पोटावर नाही. एंडोस्कोपची, म्हणजे दुर्बिणीची, लाइट केबल चालू ठेवून ड्रेपवर टाकू नका, तिचं टोक कापड जाळतं. ट्रेकिऑस्टॉमीत, म्हणजे गळ्यातून श्वासाची वाट करताना, श्वासनलिका उघडायला चाकूच, कॉटरी नाही.

एवढं करूनही पेटलंच, तर आधी ओरडा: “आग!” लाजू नका. भूलतज्ज्ञ गॅस बंद करतील, त्याच क्षणी तुम्ही ड्रेप ओढून जमिनीवर टाका. डिस्पोजेबल ड्रेपवर नुसतं सलाईन ओतून भागत नाही, पाणी वरून घरंगळतं आणि खालून जळत राहतं. ओढून काढा, मग उघड्या अंगावर सलाईन. तरी विझलं नाही तर आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. पावडरचा नको, ती जखमेत जाते. तेवढ्यानेही आवरलं नाही तर अलार्म द्या, पेशंटला बाहेर काढा, दार लावा आणि त्या खोलीचा गॅस व्हॉल्व्ह बंद करा. व्हॉल्व्ह कुठे आहे ते आजच बघून या.

श्वासनलिकेतली ट्यूबच पेटली तर भूलतज्ज्ञ ती लगेच ओढून काढतात, गॅस बंद होतो आणि घशात सलाईन ओततात. तुम्ही बाउल हातात देऊन उभं राहायचं. विझल्यावर ते मास्कने श्वास देतात, शक्यतो साध्या हवेवर. ती ट्यूब फेकून देऊ नका. टॉवेलवर ठेवून बघायचं, तुकडा कमी आहे का? कमी असेल तर तो आत राहिला असू शकतो, ब्रोन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, शोधावा लागतो. सफाईच्या मावशींनाही हे आधीच सांगून ठेवा, दिसेल ते बादलीत टाकायची त्यांना सवय असते.