बहिणींच्या प्रेमगुंत्याची पटकथा कशी बांधावी

तीन बहिणी, त्यांची प्रेमं आणि एक घर एवढं हाताशी आलं की लगेच संवाद लिहायला बसू नका. आधी मोठ्या कागदावर तक्ता आखा. वर घरातल्या सगळ्यांची नावं, कडेला गुपितं. कोणाला काय कितव्या पानावर कळतं, तो आकडा चौकोनात भरा. दोन तासांच्या चित्रपटाला साधारण 120 पानं धरतात, पानाला मिनिट. सगळी गुपितं 90व्या पानावर एकदम फुटणार असतील तर मधला भाग नुसता ताणला जातो. पहिलं गुपित प्रेक्षकाला 30च्या आत सांगून टाका. ‘ताईला अजून माहीत नाही’ या धाकधुकीवर पुढचा तासभर निघतो.

काळ गौरींचा घ्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन: तीन दिवस, तीन अंक. सदाशिव पेठेतल्या माहेरी तिघी का जमल्या, हे कोणाला समजवावं लागत नाही. गौरीही ज्येष्ठा-कनिष्ठा बहिणीच. हे मात्र पात्रांच्या तोंडी घालू नका, मागे मखर दिसलं की पुरे.

स्फोटासाठी आपल्या भाषेत एक शब्द तयारच आहे. धाकटी मेहुण्याला ‘भावोजी, तुम्ही’ म्हणते. पूजनाच्या पंगतीत पुरणपोळीवर तूप वाढताना तिच्या तोंडून निघतं, ‘तुला जास्त नको ना?’ ताईचा हात वाढता वाढता थांबतो. त्याआधी निदान तीनदा ‘तुम्ही’ ऐकू आलेलं हवं, नाहीतर हा ‘तू’ कोणाच्या लक्षातच येणार नाही. इथे पार्श्वसंगीत नको. ‘काय म्हणालीस?’ असं कोणी विचारलं की प्रसंग मेलाच. मधलीने घाईघाईने मीठ मागावं. हसू तिथे फुटतं आणि ताईचं दुखणं झाकलंही जात नाही.

पंगतीच्या चित्रीकरणाला अख्खा दिवस ठेवा. चार अँगल, प्रत्येकी तीन टेक, सहा माणसं म्हणजे 72 पोळ्या. घास कोणत्या शब्दावर घ्यायचा ते ठरवून ठेवा आणि प्रत्येक टेकनंतर ताटांचे फोटो काढा, नाहीतर संकलनात अर्धी पोळी पुन्हा पूर्ण होते.

घरातले प्रसंग ऐन गणेशोत्सवात पेठेत घेऊ नका. ढोल प्रत्येक टेकमध्ये वेगळ्या शब्दावर पडतो, मग शॉट जुळत नाहीत. ढोल नंतर मिसळता येतो. खोली सोडण्यापूर्वी पंखा-फ्रिज बंद करून तिथली मिनिटभराची शांतता तेवढी मुद्रित करून घ्या. ताई गप्प राहते तिथे तीच लागते.