जुन्या मनगटी घड्याळाचे वय ठरवताना या चुका टाळा

सांगलीतील माझ्या घरी जुनी मनगटी घड्याळे दाखवायला येणारे बहुतेक जण उत्तर सोबतच घेऊन येतात आणि माझ्याकडून त्यांना केवळ होकार हवा असतो. घड्याळ आजोबांचे आहे म्हणजे ते स्वातंत्र्यापूर्वीचेच, तबकडीवर 'स्विस मेड' आहे म्हणजे आतले मशीनही स्वित्झर्लंडचेच, अशी ही खात्री असते. गेली पंचवीस वर्षे मी ही घड्याळे जमवतो, उघडतो आणि त्यांची नोंद ठेवतो. पुढे लिहिलेल्या चुकांपैकी अर्ध्याअधिक मी स्वतः पैसे मोजून केलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार माझ्याकडे आला आहे.

तबकडीला साक्षीदार मानणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. घड्याळात सहज बदलता येणारा आणि सर्वाधिक वेळा बदललेला भाग म्हणजे तबकडी. जुन्या तबकड्या पुसून त्यांवर नवा रंग आणि नवी अक्षरे छापण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे आणि अशा घड्याळांना परदेशातील संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून नाके मुरडतात. त्यातून आमचे गाव कृष्णाकाठचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा कपाटातली किती घड्याळे चिखलात बुडाली असतील! त्यातली काही माझ्यासमोर उघडली गेली. गंजलेल्या तबकड्या रंगवून घेण्यावाचून मालकांना गत्यंतर नव्हते आणि त्यात त्यांचे काही चुकलेही नाही. मात्र ती तबकडी वाचून वय सांगणारा चुकतो.

2008 साली मी एका विक्रेत्याकडून रोमर या स्विस कंपनीचे निळ्या तबकडीचे घड्याळ 4,500 रुपयांना घेतले. 1950 च्या सुमाराचे म्हणून तीन महिने ते हातात मिरवले. पुढे चावी जड फिरू लागली म्हणून मागचे झाकण उघडले, तर आतल्या मशीनवर 'एचएमटी' अशी स्वच्छ अक्षरे होती. रोमर बहुतेक घड्याळांत स्वतःची मशीन घालत असे आणि त्यांवर 'एमएसटी' ही खूण असे. एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना तर जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली उभा राहिला. म्हणजे माझ्या 1950 च्या घड्याळाचे काळीज त्याच्या जन्मानंतर किमान अकरा वर्षांनी तयार झाले होते. तबकडी सोडवली तेव्हा उरलेसुरले समाधानही गेले. तिला मशीनवर पक्के धरणारे पाठीवरचे दोन्ही पाय कापलेले होते आणि ती गोंदाच्या चार ठिपक्यांवर चिकटवलेली होती. तबकडीवर 'इन्काब्लॉक' हे धक्का सोसणाऱ्या स्विस योजनेचे नाव छापलेले, आणि मशीनमध्ये त्याच कामाचा सिटिझनच्या पद्धतीचा पॅराशॉक! विकत घेण्यापूर्वी भिंगातून पाहिले असते, तर 'स्विस' या शब्दातील दोन एस एकमेकांत मिसळले आहेत आणि सहाच्या आकड्याजवळ मिनिटांच्या रेघा दाटीवाटीने उभ्या आहेत, हे दुकानातच दिसले असते.

तेव्हापासून मी भाव विचारण्याआधी झाकण उघडायला सांगतो. विक्रेता नाही म्हणाला, तर नमस्कार करून निघतो. झाकण उघडल्यावर बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, खाली किंवा शेजारी मशीन बनवणाऱ्याची खूण आणि कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या नमुन्याचा, क्रमांक शोधतो. स्वित्झर्लंडमधील शेकडो कंपन्या ए. शिल्ड, ईटीए, फेल्सा किंवा युनिटास यांच्याकडून कच्ची मशीन विकत घेऊन त्यांवर आपले नाव घालत असत. त्यामुळे ब्रँडच्या इतिहासापेक्षा कॅलिबरचा इतिहास अधिक उपयोगी पडतो. ते कॅलिबर ज्या वर्षी बाजारात आले त्यापूर्वीचे ते मशीन असू शकत नाही, इतके तरी त्यावरून ठामपणे म्हणता येते.

सेइकोचा नंबर अर्धाच वाचणे

इस्लामपूरचा एक तरुण सेइको 5 घेऊन आला आणि बसण्यापूर्वीच म्हणाला, "काका, नंबर 72 ने सुरू होतो. सात म्हणजे 67 साल, दोन म्हणजे फेब्रुवारी. घड्याळ फेब्रुवारी 67 चं आहे." मोबाइलवर कोठेतरी वाचलेला नियम त्याने बरोबर पाठ केला होता. सेइकोच्या त्या काळातील सहा आकडी नंबरात पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरे चिन्ह महिन्याचे. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन आणि डिसेंबरला डी. दशक कोणते, हे मात्र तो नंबर सांगत नाही. मी त्याला झाकणावरचा दुसरा क्रमांक वाचायला सांगितला. त्यातले रेघेच्या आधीचे चार अंक 6309 होते, म्हणजे ते मशीनचे कॅलिबर. ते 1976 पासून 1988 पर्यंत बनत होते, म्हणून घड्याळ 1977 चे किंवा 1987 चे. 1967 चे होण्याचा प्रश्नच नव्हता. दोनपैकी कोणते, हे त्या दिवशी ठरले नाही आणि मी वहीत दोन्ही वर्षे लिहून ठेवली. यावर तो हिरमुसला. नव्या मुलांना एकच साल हवे असते, तेही चहा येण्याच्या आत, आणि माझी सर्वाधिक चिडचिड याच घाईने होते. शिवाय हा नंबर झाकणावर असतो आणि झाकणे बदलली जातात, म्हणून आतल्या मशीनवरचे कॅलिबर बाहेरच्या क्रमांकाशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय मी तो नंबर वाचतही नाही.

सिटिझनमध्ये पहिला अंक वर्षाचा आणि पुढचे दोन महिन्याचे. दशकाची अडचण तीच.

कंपनीचे वय घड्याळाला चिकटवणे

टिसॉटच्या तबकडीवरचे 1853 हे कंपनीच्या स्थापनेचे वर्ष आहे, हे सांगताना मला दर वेळी नवल वाटते, पण सांगावे लागते. फाव्र-ल्यूबाचे मूळ 1737 पर्यंत जाते, तरी ते नाव 2011 मध्ये टायटनने विकत घेतले होते. नाव आणि ते वापरणारा कारखाना यांचे आयुष्य वेगवेगळे असू शकते, हे ब्रँडचा माग काढताना विसरू नये.

या चुकीची मला सर्वाधिक अवघडवणारी आठवण साताऱ्याची आहे. शनिवार पेठेतील एका घरात वेस्ट एंड कंपनीचे घड्याळ देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवलेले होते. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते आणि त्यांनी ते तेथून आणले, असे घरात सांगितले जाई. वेस्ट एंडने 1886 पासून मुंबईत आणि कलकत्त्यात व्यापार केला, त्यामुळे गोष्ट अशक्य नव्हती. परंतु झाकण उघडल्यावर बॅलन्सच्या माथ्यावर इन्काब्लॉकची ती वीणेसारखी नाजूक स्प्रिंग दिसली. इन्काब्लॉक 1934 च्या आधी नव्हते. झाकणाच्या आतल्या बाजूला कोण्या कारागिराने दुरुस्तीची तारीख सुईने कोरली होती: 3-11-52. झाकणाचे आटे केसशी, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाशी, बिनचूक बसत होते, म्हणजे ते मूळचेच असावे. "1934 ते 1952 च्या दरम्यानचे आहे," असे मी म्हणालो तेव्हा घरातील आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पहिलं घड्याळ विहिरीत पडलं होतं म्हणे. हे दुसरं असंल." घरातली आठवण बहुधा खोटी नसते, ती एका वस्तूवरून दुसरीवर सरकलेली असते. म्हणून मी कहाणी आधी पूर्ण ऐकून घेतो आणि वहीत वेगळ्या पानावर लिहितो.

कारागिरांच्या या कोरलेल्या तारखा आणि निवृत्तीच्या भेटीवर कोरलेली साले केवळ इतकेच सांगतात की तो भाग त्या दिवशी अस्तित्वात होता. त्या आधी तो किती वर्षे दुकानाच्या कपाटात पडून होता, हे त्यांवरून कळत नाही.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

तबकडीच्या तळाशी 'टी स्विस टी' असेल, तर अंधारात उजळणाऱ्या चमकीत ट्रिटियम हे किरणोत्सर्गी द्रव्य आहे आणि तबकडी साधारण 1960 च्या दशकापासून 1990 च्या दशकाच्या अखेरपर्यंतची आहे. ट्रिटियम सुमारे 12 वर्षांत अर्धे होते, म्हणून असे जुने घड्याळ अंधारात लख्ख उजळत असेल, तर चमकी नंतर भरलेली आहे. त्याहून जुन्या घड्याळांत रेडियम असते. त्याची चमक मेली तरी किरणोत्सर्ग कायम असतो, तेव्हा नखाने किंवा चिमट्याने ती खरवडू नये.

चांदीच्या केसवर इंग्लंडचा आयात हॉलमार्क असेल, तर त्यातील वर्षाचे अक्षर केसचे आहे, मशीनचे नव्हे.

भडक रंगाच्या तबकडीची एचएमटी 'जनता' स्वस्तात मिळाली म्हणून ती मूळची समजू नये.

आणि घड्याळ दाखवायला आणण्याच्या आदल्या रात्री केस ब्रासोने घासू नये. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आरशासारखे चकचकीत झाकण घेऊन आले. त्यावरचा क्रमांक मी भिंगाखाली तिरक्या प्रकाशात पंधरा मिनिटे शोधला आणि शेवटी त्यातले दोन अंक हाती लागले.